किल्ली शर्माभाभींकडे आहे

उज्जैनच्या माणसाला प्रवासाला निघायचं असेल, तर आधी त्याच्या घरातले पाहुणे निघावे लागतात. आमच्याकडे हा योग एकोणीस वर्षांत आला नव्हता. घर माधव नगरात, स्टेशनपासून रिक्षानं पाच मिनिटं. सांगली-साताऱ्याकडून महाकालच्या दर्शनाला निघालेला कुणीही आप्त, आप्ताचा शेजारी किंवा शेजाऱ्याचा साडू थेट आमच्या फाटकाशी येऊन "आहेत का घरात?" अशी हाक मारतो. मी घरातच असते. त्यांना पहाटेच्या भस्मारतीसाठी उठवणं, रामघाटावर जायला रिक्षा ठरवून देणं, परत आल्यावर पोहे, निघताना बरोबर दशम्यांचा डबा, एवढं उरकून मी साडेदहाला मुलींच्या शाळेत जाते आणि आठवीला भूगोल शिकवते.

त्या भूगोलाबद्दल एक कबुली देऊन टाकते. मी अठरा वर्षं महासागर शिकवले, पण समुद्र पाहिला नव्हता. आमची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे 'ज्वार-भाटा' (भरती-ओहोटी) हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर खडूनं पृथ्वी, खडूनं चंद्र, मधे बाण. परीक्षेत पाच मार्कांचा हमखास प्रश्न, आणि माझ्या मुली तो कधी सोडत नसत.

दुसरी कबुली जरा आतली आहे. मी जन्मात कधी पाहुणी झाले नव्हते. माझं माहेर फ्रीगंजमध्ये. लग्नाआधी तिथल्या पाहुण्यांचे पोहे करत होते, लग्नानंतर इथल्या. माहेरपणाला गेलेच, तर सासूबाई संध्याकाळी भाजी निवडायला बोलावून घेत, कारण सायकलनं सात मिनिटांवर तर होतं. कुणाच्या तरी घरी आपण नुसतं बसून राहायचं आणि दुसऱ्या बाईनं ताट वाढून पुढ्यात आणायचं, हे सुख मला एकदा तरी हवं होतं. समुद्रापेक्षाही जास्त हवं होतं. पण असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी आपली समुद्र बघायचाय असं म्हणत असे.

त्या सुमारास आमच्या गल्लीत केबल आली आणि शर्मांच्या गच्चीवरून आमच्या खिडकीत एक काळी वायर लोंबू लागली. एका संध्याकाळी आमचे हे (बँकेत अधिकारी आहेत, आणि बँकेबाहेरही अधिकारीच असतात) एक परदेशी कार्यक्रम बघत होते. हिरव्यागार बेटांमधून एक पांढरी शिडाची होडी चाललेली. होडीवर एक गोरं जोडपं आडवं पडलेलं. कुणी उठत नव्हतं, कुणी कुणाला वाढत नव्हतं.

"अगं, हे बघ," हे म्हणाले. "आपण हे करून टाकू."

"त्यांच्याकडे पाहुणे येत नसतील," मी आतून म्हटलं.

"अगं, पण होडीवर कोण येणार?"

या वाक्यावर मात्र मी कणीक तशीच ठेवून बाहेर येऊन बसले.

बँकेची एलटीसी (प्रवासाची सवलत) मिळत होती, पण ती आजवर तीनदा वाया गेली होती. पहिल्यांदा पचमढी ठरवलं, तर साताऱ्याहून सात जण आले. दुसऱ्यांदा द्वारका ठरवलं, तर ह्यांच्या मामेबहिणीची नणंद आली आणि तिचा पाय मुरगळला. तिसऱ्यांदा महाबळेश्वर ठरवलं, तर खुद्द वाईहून चौघं आले आणि जेवताना महाबळेश्वर किती सुंदर आहे ते मला सांगत राहिले. यावेळी मी आधीच बजावलं, "यावेळी गेलो नाही, तर मी या जन्मात पुन्हा सामान भरणार नाही. नीट ऐकून ठेवा."

ह्यांनी ते नीट ऐकलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी हे मला फ्रीगंजमधल्या नव्या टूर्स-ट्रॅव्हल्सवाल्याकडे घेऊन गेले. मालक कालपरवापर्यंत इंदूरच्या टॅक्सीत सवाऱ्या भरत असे. आता टेबलावर संगणक आला होता. संगणकावर झालरीचं कापड होतं, कापडावर गणपती होता, आणि बुकिंग पूर्वीसारखंच वहीत होत होतं.

"शिडाची... पाल वाली नाव चाहिए," हे म्हणाले. "अंदमान में. चार-पाँच द्वीप घूमेंगे."

मालकानं ह्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. "साहब, समुद्र तो द्वारका में भी है। साथ में दर्शन हो जाएँगे।"

"दर्शन नहीं चाहिए," मी म्हटलं. "दर्शन घर पे बहुत है."

त्यानं कोपऱ्यातल्या कॅलेंडरवरच्या महाकालला मुकाट्यानं नमस्कार केला आणि मद्रासची दोन तिकिटं लिहून घेतली. पुढे जहाज, आणि जहाजाच्या पुढचं आमचं आम्ही बघायचं, असं ठरलं.

तारीख ठरवण्यात मात्र आम्ही दोघांनी मिळून डोकं लढवलं. नाताळच्या सुट्टीला लागूनच मार्गशीर्ष पौर्णिमा येत होती, म्हणजे दत्तजयंती. त्या दिवसांत सांगलीकडची सगळी मंडळी नरसोबाच्या वाडीला असणार, तेव्हा इकडे कुणी फिरकणार नाही, असा माझा अंदाज. पौर्णिमेला समुद्रावर चांदणं पडेल, आणि आपल्या उज्जैनला कुठलंही काम तिथी बघूनच होतं, हा ह्यांचा मुद्दा. गुरुजींनीही पंचांग उघडून जलप्रवासाला पौर्णिमा उत्तम असं सांगितलं. तिघांपैकी एकीला तरी काहीतरी आठवायला हवं होतं, पण नाही आठवलं.

मग सराव. एका रविवारी हे मला रामघाटावर घेऊन गेले. बरोबर सोलापुरी चादर, सुतळी आणि बांबू. ह्यांनी एक नाव ठरवली आणि तिच्यावर चादरीचं शीड उभारायला घेतलं. नाववाला बिडी विझवून बघत राहिला.

"बाबूजी, ये काय के लिए? याँ तो बाँस टेक के चलाते हैं। पानी कमर तक है।"

"तुम देखो तो," हे म्हणाले.

शिप्रेवर त्या दिवशी वारा नव्हता. जो एकदाच आला, त्यानं चादर उचलली आणि पायऱ्यांवर पिंडदानाला बसलेल्या एका कुटुंबावर नेऊन पसरली. तिथले पंडे ह्यांच्याकडे धावत आले. रागावण्यासाठी नव्हे, तर यजमान कोणत्या गोत्राचे आणि ही चादर कोणाच्या नावानं चढवायची ते विचारायला. नाइलाजानं ह्यांनी आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. आजोबांचं तेवढं पुण्य झालं, चादर गेली, आणि शिडाचं शिक्षण तिथेच पूर्ण झालं.

निघायला चार दिवस उरले असताना पोस्टकार्ड आलं. सांगलीचे बंडूकाका, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. 'आम्ही पाच जण येत आहोत. यंदा वाडीस गर्दी फार, म्हणून दत्तजयंती महाकालाचरणी करण्याचे योजिले आहे. आमच्यासाठी विशेष काही करू नये.'

कार्ड हातात धरून हे सोफ्यावर बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कॅन्सल करून टाकू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या पाण्याचाच राग आला. "सामान भरलंय," मी म्हटलं. "आता ते मी रिकामं करणार नाही. काकांना येऊ दे की. घर आहे, गॅस आहे, महाकाल आहे. मी तेवढी नाही."

हे घाबरले, पण हो म्हणाले. इतक्या वर्षांत मी ह्यांच्यावर एवढी खूश कधी झाले नव्हते.

मी एका मोठ्या कागदावर सूचना लिहिल्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवल्या. साखर वरच्या फळीवर निळ्या डब्यात. दूधवाला सकाळी सहाला येतो. गिझर लावून विसरू नये. भस्मारतीला जाणाऱ्यांनी फाटकाची कडी लावून जावे. मग किल्ली घेऊन शेजारी शर्माभाभींकडे गेले.

"भाभीजी, मैं पहचानूँगी कैसे?" त्यांनी विचारलं.

"पाँच लोग हैं. मराठी बोलते हुए आएँगे."

"बस, फिर तो हो गया," त्या म्हणाल्या आणि किल्ली पदराला बांधली.

निघताना मी सव्वा किलो रतलामी शेव घेतली. कुणाकडे जायचं नव्हतं, पण रिकाम्या हातानं प्रवासाला निघायची मला सवयच नव्हती.

गाडीनं दोन दिवसांत मद्रासला पोचलो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा वळली आणि समोर पाणी आलं. मी सवयीनं पलीकडचा घाट शोधला. घाट नव्हता. पाणी जात जात आभाळाला लागलं होतं, आणि तिथून पुढेही असणार हे मला पुस्तकामुळे माहीत होतं. अठरा वर्षं मी हे निळ्या खडूनं रंगवत आले होते, आणि ते माझ्या फळ्यात मावणारं नव्हतं. मला रडू आलं. रिक्षावाल्यानं काळजीनं आरशातून पाहिलं, तेव्हा हे त्याला म्हणाले, "भूगोल की टीचर है." त्यानं मान डोलावली.

जहाजावर तीन दिवस गेले. रामघाटाचे कप्तान पहिल्या तासातच आडवे झाले, ते छातीवर लिंबू ठेवून तिसऱ्या दिवशी उठले. मला काही झालं नाही. मी दोन्ही वेळा कॅन्टीनचं सांबार-भात जेवले, ह्यांच्या वाटणीचंही जेवले, आणि भांडी घासायची नाहीत याचं दर वेळी नव्यानं आश्चर्य करत राहिले. पण रांगेत उभं राहून कुपनावर घेतलेल्या जेवणानं माणूस पाहुणा होत नाही, हेही मला कळत होतं.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर ह्यांनी पहिल्यांदा शिडाच्या होडीची चौकशी केली आणि धक्क्यावरची माणसं हसली. इथे सगळं इंजिनावर चालतं. मी पहिल्यांदा एसटीडी बूथ शोधला आणि शर्माभाभींना फोन लावला.

"मेहमान आ गए?" मी ओरडून विचारलं.

"हाँ हाँ, आते जा रहे हैं!" त्याही ओरडून म्हणाल्या. "आप चिंता मत करो!"

लाइन कटली. मी चिंता केली नाही.

सरकारी बोटीनं आम्ही आणखी एका बेटावर गेलो. तिथे अप्पाराव भेटला. मूळचा आंध्रचा, बाप मासेमारीसाठी इकडे आलेला. त्याच्याकडे डोंगी (लांब, निमुळती मासेमारीची होडी) होती. तिला डिझेलचं इंजिन होतं, पण शिवाय, डिझेल महाग म्हणून, एक शीडही होतं. मैद्याची पोती उसवून, जोडून शिवलेलं. त्याच्यावर गिरणीचा छाप उलटा दिसत होता. टीव्हीतल्या होडीशी त्याचं काही नातं नव्हतं, पण वारा आल्यावर ते पोट भरल्यासारखं फुगलं, आणि हे हरखून गेले.

ते दोन दिवस आमची खरी सुट्टी झाली. सकाळी निघायचं, दोन बेटांना वळसा घालायचा, एखाद्या वाळूवर उतरून नारळपाणी प्यायचं, उन्हं कलायच्या आत परत यायचं. पाणी कुठे हिरवं, कुठे जांभळं, आणि तळाचे प्रवाळ स्वच्छ दिसत. अप्पारावनं ह्यांच्या हातात शिडाची दोरी दिली होती. हे ती दोन्ही हातांनी धरून, डोळे बारीक करून दूर बघत बसत. अप्पाराव मागे हळूच इंजिन सुरू करी. वेग वाढला की हे मला म्हणत, "बघितलंस? जरासं ताणलं की कशी पळते!" अप्पाराव माझ्याकडे बघत नसे. मीही त्याच्याकडे बघत नसे.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही एका लहान बेटाच्या आत वळलेल्या किनाऱ्याशी लागलो. पाणी काठोकाठ भरलं होतं, झाडांच्या मुळांपर्यंत. अप्पारावनं नांगर टाकला आणि म्हणाला, "साब, आज पुन्नमी है। पानी बहुत उतरेगा। बारह बजे से पहले निकलना है।"

"हाँ हाँ," हे म्हणाले.

आता, पौर्णिमा, समोर एवढं पाणी, आणि आम्ही उज्जैनचे. स्नान तर करायलाच हवं. ह्यांनी संकल्प सोडून स्नान केलं, सूर्याला अर्घ्य दिलं, मग पितरांना दिलं. रामघाटावरून आजोबा आठवले, त्यांना निराळं दिलं. मीही पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि मला तिथून निघावंसंच वाटेना. अप्पारावनं एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा तो तेलुगूत काहीतरी बोलला.

"लक्ष देऊ नकोस," हे मला म्हणाले. "सगळे नाववाले घाई करतात. त्यांना दुसरी सवारी गाठायची असते."

रामघाटावर हे अगदी खरं आहे. पाणी उतरेल म्हणजे काय, तर बोटभर उतरेल, असं आम्ही धरून चाललो होतो. शिप्रा उतरते ती चैत्रात. सकाळची दुपारी उतरत नाही.

एक वाजता आम्ही ओले कपडे पिळून वळलो. डोंगी जिथे होती तिथेच होती. पाणी गेलं होतं. डोंगी ओल्या वाळूत एका कुशीवर कलंडून पडली होती, शीड जमिनीला टेकलं होतं, आणि समुद्र पार पलीकडे, प्रवाळाच्या काळ्या खडकांच्याही मागे, एक रेघ होऊन चमकत होता. अप्पाराव डोंगीच्या सावलीत बसून विडी ओढत होता. बोलायचं ते तीनदा बोलून झालं होतं.

"हे काय झालं?" ह्यांनी मला विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात फळा उजळला. खडूची पृथ्वी, खडूचा चंद्र, मधे बाण. "अहो, आज पौर्णिमा!" मी किंचाळले.

"मग? पौर्णिमेसाठीच तर आलो."

"पौर्णिमेला आणि अमावस्येला भरती सगळ्यात मोठी, ओहोटीही सगळ्यात मोठी! पाच मार्कांचा प्रश्न आहे! अठरा वर्षं शिकवतेय मी!"

"मग आधी का नाही बोललीस?"

मी खरं तेच सांगितलं. "मला वाटलं, ते परीक्षेपुरतं आहे."

हे वाळूत खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. मला आधी राग आला, मग मीही हसले. अप्पारावनं बोट दाखवून सांगितलं की पाणी सात वाजता येईल. तोवर डोंगी हलणार नाही. नारळाच्या बागेमागे बंगाल्यांची सात-आठ घरं आहेत, त्यातलं एक त्याच्या ओळखीचं आहे, चला.

ते घर बिमलादीदीचं. बांबूच्या भिंती, वर पत्रा, सारवलेली ओसरी. माझ्याच वयाची बाई. तिचे आईवडील फाळणीनंतर निर्वासित म्हणून इथे येऊन वसले होते. नवरा मासेमारीला गेलेला. दुपारी दीड वाजता, न कळवता, तीन माणसं दारात. ती बाहेर आली, आम्हाला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. अर्धा क्षण फक्त. मग ती हसली आणि म्हणाली, "आओ, आओ, बैठो!"

तो अर्धा क्षण मी बरोबर ओळखला. तो माझाच होता. फाटकाशी "आहेत का घरात?" अशी हाक आली की हसण्याआधी माझ्या चेहऱ्यावर जे येतं, तेच. मला इतकी लाज वाटली की मी लगेच पिशवीतून शेवेचा पुडा काढून तिच्या हातात कोंबला. पिशवीत तेवढंच होतं.

तिनं मासे परतायला घेतले, तेव्हा ह्यांनी खाकरून सांगितलं की आम्ही मासे खात नाही.

"मछली नहीं खाता?" ती थक्क झाली. "तो फिर क्या खाता?"

आणि पुन्हा तो अर्धा क्षण. आमच्याकडे कुणी "आम्ही कांदा-लसूण खात नाही हं" म्हणालं की माझा होतो, तोच. पण तिनं मासे बाजूला सारले, मागे जाऊन एक केळफूल तोडून आणलं आणि ते सोलायला बसली. केळफूल सोलायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. मी उठले, तिच्याशेजारी बसले, हात पुढे केला.

तिनं माझा हात बाजूला केला. "तुम काहे उठा? तुम मेहमान है। उधर बैठो।"

"मैं कर देती हूँ ना, दीदी. मुझे आदत है."

"हमको भी आदत है," ती म्हणाली. "बैठो।"

मी परत येऊन चटईवर बसले. बसणं सोपं नव्हतं, खरंच सांगते. हात कुठे ठेवावेत कळेना. तिच्या फोडणीचा आवाज आला की पाय आपोआप उठू बघत. तिला त्रास होतोय, तिची दुपारची झोप गेली, तिचं केळफूल गेलं, हे सगळं मला ऐकू येत होतं. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की पाहुणे मजेत असतात. आणि त्या क्षणी मला सांगलीची, साताऱ्याची, वाईची सगळी माणसं आठवली, माझ्या सोफ्यावर टोकाशी बसलेली, "वहिनी, विशेष काही करू नका हं" म्हणणारी. ते खरंच तसं म्हणत होते, हे मला कधी वाटलंच नव्हतं.

मग ताट आलं. भात, डाळ, नारळ घातलेली केळफुलाची भाजी, आणि कडेला छोट्या वाटीत माझीच रतलामी शेव. तिनं ताट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि वाढायला समोर बसली. मी जेवले. दोनदा भात घेतला. असं जेवण मी त्याआधी कधी जेवले नव्हते, असं म्हटलं तर ते चवीविषयी नाही, किंवा फक्त चवीविषयी नाही. ह्यांनी मला एक-दोनदा विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "तिखट आहे." तिखट मुळीच नव्हतं.

संध्याकाळी चंद्र उगवला आणि पाणी परत आलं. निघताना बिमलादीदी बागेच्या टोकापर्यंत आली. "फिर आना," ती म्हणाली.

मी पाहुण्यांना नेहमी हेच म्हणते. आणि पाहुणे मला जे म्हणतात, तेच माझ्या तोंडून निघालं. "आता तुम्ही यायचं. आप उज्जैन आना. महाकाल है हमारे यहाँ. हमारे घर ही उतरना."

"महाकाल!" तिनं हात जोडले. "आएगा। पूरा पाड़ा (वस्ती) ले के आएगा।"

ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी चांदण्यातही पाहिलं. डोंगी तरंगली, शीड फुगलं, आणि ज्या चांदण्यासाठी आम्ही पौर्णिमा धरली होती ते आमच्या चुकीमुळेच आम्हाला पदरभर मिळालं. अप्पारावनं त्या दिवशी इंजिन लावलं नाही. हे खरोखर दोरी धरून होते, आणि डोंगी बेताबेतानं, वाकडीतिकडी, पण घराच्या दिशेनं गेली.

घर सोडल्यापासून अठरा दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, आमची रिक्षा माधव नगरात फाटकाशी थांबली. ओसरीवर चपलांचे नऊ जोड होते. बंडूकाकांचे तर पाचच असायला हवे होते, आणि तेही कधीच गेलेले असायला हवे होते. दार उघडंच होतं. मी कडी वाजवली. माझ्याच दाराची कडी मी प्रथमच बाहेरून वाजवत होते.

आतून एक अनोळखी बाई आली. हिरवं लुगडं, हातात माझी झारी. आमच्या बॅगांकडे बघून ती प्रेमानं हसली. हसण्याआधी तो अर्धा क्षण होताच.

"या की, या! दर्शनाला आलाव व्हय? लांबनं आलाव जणू. बसा, च्या टाकते."

ह्यांनी तोंड उघडलं. मी ह्यांचा दंड दाबला. "हो," मी म्हटलं. "लांबून आलोय."

ती आत गेली आणि मी सोफ्याच्या कोपऱ्यात बसले, जिथे पाहुणे बसतात. मी तिथे कधी बसत नाही, मला बसायला वेळ नसतो. बसल्याबरोबर खालून एक स्प्रिंग सणकून टोचली. सोफा आमचा लग्नातला. एवढ्या वर्षांत त्या कोपऱ्यात किती माणसं बसली असतील, आणि एकानंही मला कधी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारावर माझा कागद तसाच होता. त्याखाली बंडूकाकांच्या अक्षरात भर पडली होती, 'निळा डबा साखरेने भरून ठेवला आहे. सौ.ला सांगावे, उगाच दमू नये.' त्याच्याखाली निराळ्या अक्षरात, 'सिलिंडरचा नंबर लावला आहे.'

चहा आला. साखर फार होती. "छान झालाय," मी म्हटलं. ती बार्शीची निघाली, दोन कुटुंबं मिळून नऊ माणसं. "लई चांगली धर्मशाळा हाय बघा," ती सांगू लागली. "आम्ही गल्लीत इचारत हुतो मराठीत, तर शेजारच्या बाईनं बोलावून किल्लीच दिली हातात. आत समदं लिवून ठिवलेलं, साखर कुठं, दूध कवा. कोण मालकीण हाय द्येव जाणे, पर माणूस म्हणायचं."

तेवढ्यात शर्माभाभी फाटकातून आत आल्या. "अरे भाभीजी, आप आ गईं! ये लोग मराठी बोल रहे थे, तो मैंने चाबी दे दी। इनसे पहले भी दो पार्टी आईं, वो भी मराठी। आपके ही हैं ना?"

बार्शीची बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे बघत राहिली. "अगं बाई," ती पुटपुटली, "तुमचंच घर," आणि घाईघाईनं माझ्या हातातला कप घ्यायला पुढे झाली.

"हाँ भाभी," मी शर्माभाभींना म्हटलं, "हमारे ही हैं." मग बार्शीच्या बाईला म्हटलं, "कप राहू द्या हो. आणखी अर्धा कप असेल तर घाला."

तिनं आणखी अर्धा कप आणून ओतला. स्प्रिंग टोचत होती, तरी मी उठले नाही.